समुद्रावरचा तेलतवंग जाळायचा कसा: मराठवाड्यातल्या कॉलेजात करून बघण्याजोगा प्रयोग

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरी विद्यापीठांच्या 'आविष्कार' ह्या संशोधन स्पर्धेचा मोसम आला की इंजिनिअरिंगची आणि केमिस्ट्रीची मुलं तेलगळतीचा विषय घेऊन येतात. बहुतेकांचा प्रोजेक्ट ट्रेमधलं पाणी, वर चमचाभर तेल आणि ते शोषायला भुसा नाहीतर केसांचा पुंजका, एवढ्यावर थांबतो. जाळण्याच्या पद्धतीला कुणी हात लावत नाही. एक तर भीती वाटते, आणि दुसरं म्हणजे तेल पेटवलं की जळणारच, त्यात संशोधन कसलं, असा समज असतो.

खरं तर पेटवणं हा त्यातला सोपा भाग. किती तेल जळेल आणि किती मागे उरेल, हे काडी लावायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. तवंग किती जाड आहे आणि ज्वाळेची किती उष्णता परत तेलात उतरते, ह्या दोन गोष्टींवर सगळा हिशेब चालतो. ही पद्धत सुधारण्यासाठी जगभर जे काही चाललंय, ते फिरून ह्याच दोन गोष्टींवर येतं. आणि ह्या दोन्ही गोष्टी दोन फुटांच्या टाकीत, साध्या वजनकाट्यावर मोजता येतात.

पुढची सगळी कृती कॉलेजच्या आवारात, विभागप्रमुखांची लेखी परवानगी घेऊन, शिक्षक आणि अग्निशामक सिलिंडर हजर असताना करायची आहे. घराच्या गच्चीवर किंवा शेतात जाऊन करायची नाही.

समुद्रावर काय घडतं

द्रव तेल जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्वाळेची थोडी उष्णता खाली तेलावर येते, त्यातून आणखी वाफ निघते आणि आग चालू राहते. ही परत येणारी उष्णता शंभरातला दोन-तीन भागच असते, बाकी सगळी वर आणि आजूबाजूला जाते. तेलाखाली गार पाणी असतं आणि ते ही उष्णता सतत खात असतं. तवंग जाड असेल तोवर तेलच पाण्याला झाकून ठेवतं. तो १ मिलिमीटरच्या आसपास आला की पाणी जिंकतं, तेलाचा पृष्ठभाग गार पडतो, वाफ थांबते आणि आग आपोआप विझते.

म्हणून पेटण्यासाठीसुद्धा किमान जाडी लागते. ताज्या कच्च्या तेलाला साधारण १ मिलिमीटर पुरतो. डिझेलला २ ते ३, ऊन-वारा खाऊन हलका भाग उडून गेलेल्या कच्च्या तेलाला २ ते ५, आणि जहाजाच्या जड इंधनाला किंवा पाणी मिसळून घट्ट झालेल्या तेलाला १० मिलिमीटरच्या आसपास. मोकळ्या समुद्रावर सोडलेलं तेल तासाभरात मिलिमीटरच्या अंशापर्यंत पसरतं. म्हणजे त्याला आधी गोळा केल्याशिवाय काडी लावण्यात अर्थ नाही.

१९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ 'टोरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, तेव्हा ब्रिटिशांनी विमानांतून बॉम्ब, रॉकेल आणि नापाम (चिकटून जळणारं इंधन) टाकून तेल जाळायचा प्रयत्न केला. फारसं हाती लागलं नाही. आगीची कमतरता नव्हती, पण तेल धरून ठेवणारं काही नव्हतं. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन वाल्डिझ' ह्या तेलवाहू जहाजाच्या गळतीनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन बोटींमध्ये अग्निरोधक तरंगता बांध ओढून थोडं तेल घेरलं आणि पेटवलं. १५ ते ३० हजार गॅलन, म्हणजे साधारण ५७ हजार ते १ लाख १४ हजार लिटर तेल त्यात गेलं आणि घेरलेल्यापैकी ९८ टक्क्यांच्या आसपास नाहीसं झालं. मग वादळ आलं. लाटांनी तेलात पाणी घुसळलं आणि त्यानंतर ते पेटेना. तेलात पाव भाग पाणी शिरलं की बहुतेक कच्ची तेलं सहजासहजी पेटत नाहीत. ही पद्धत वापरायला पहिला-दुसरा दिवसच मिळतो, तो ह्यामुळे.

सगळ्यात मोठा वापर झाला २०१० मध्ये, मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' ह्या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटाच्या दुर्घटनेवेळी. तिथे ४११ नियंत्रित आगी लावल्या, अंदाजे २ लाख २० हजार ते ३ लाख १० हजार बॅरल तेल जाळलं. बांध ओढायला कोळंबी पकडणाऱ्या मच्छीमारांच्या बोटी होत्या. दोन बोटी, मध्ये इंग्रजी यू अक्षरासारखा बांध, आणि वेग पाऊण नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण १.४ किलोमीटरच्या आत. त्याहून जोरात ओढलं तर तेल बांधाखालून निसटतं. फार हळू ओढलं तर यूच्या तोंडाकडे पसरून पातळ होतं. आग विझवायची असली की एक बोट आपला दोर सोडते, तेल पसरतं, जाडी उतरते आणि आग मरते. पेटवायलाही जाडी आणि विझवायलाही जाडीच.

सामान

एक टाकी लागेल, ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि २० सेंटिमीटर खोल, २ मिलिमीटरच्या काळ्या पत्र्याची. चिकलठाणा किंवा वाळूज एमआयडीसीत, नाहीतर लातूर-नांदेडला कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे करून मिळते. गॅल्वनाइज्ड पत्रा घेऊ नका, तापल्यावर जस्ताचा धूर निघतो. रात्रभर पाणी भरून ठेवा, जोडातून पाझर आहे का ते सकाळी कळेल.

टाकीच्या मध्ये उभी राहणारी, वर-खाली उघडी अशी चौकट हवी: आतून नेमकी २० बाय २० सेंटिमीटर, ९ सेंटिमीटर उंच, खाली चार पाय. पाण्याच्या वर ४ आणि खाली ५ सेंटिमीटर राहील अशा उंचीचे पाय लावा. ही चौकट म्हणजे तुमचा तरंगता बांध. तळ उघडा ठेवायचा तो एवढ्यासाठी की खालचं पाणी टाकीतल्या पाण्याशी जोडलेलं राहील आणि समुद्रासारखं गारच राहील. नुसत्या परातीत पाणी-तेल घेऊन जाळलं तर चार मिनिटांत सगळं पाणीच तापतं आणि आकडे फसवे येतात.

२० बाय २० चा माप मुद्दाम आहे. १ मिलिमीटर जाडीला बरोबर ४० मिलिलिटर तेल लागतं, तोंडी हिशेब होतो. शिवाय एवढ्या चौकटीतली ज्वाळा साधारण दोन-अडीच फूट उठते, आवाक्यात राहते. मोठी चौकट केली की ज्वाळा माणसाएवढी होते.

बाकीचं सामान असं: मोजपात्र, किमान १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, स्टॉपवॉच, थर्मामीटर, लांब दांड्याचं पत्र्याचं झाकण, दीड मीटर लोखंडी सळईला कापूस गुंडाळून केलेला पलिता, ड्राय पावडरचे दोन सिलिंडर, वाळूच्या बादल्या. जळत्या डिझेलवर पाणी कधीच मारायचं नाही. चौकटीसाठी झाकण हेच पहिलं शस्त्र, सिलिंडर नंतर. अंगात सुती कपडे, ओढणी-मफलर नको, चेहऱ्यावर शील्ड, हातात चामडी मोजे. पेटवणारा एकच, बाकी सगळे ३ मीटर मागे.

तेल म्हणून पंपावरचं डिझेल. पेट्रोल अजिबात नाही, पेटवायला मदत म्हणूनही नाही. वापरलेलं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून मुलं आणतात, पण त्यात धातूंचे कण असतात, तो धूर नको.

वेळ कुठली निवडायची

इथे आपल्या हवेचा मुद्दा येतो, आणि ह्या प्रयोगात तो भलताच महत्त्वाचा आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याच्यावर पेट घेण्याइतकी वाफ जमते तो, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा असं बंधन आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडची हवा सहज ४२ अंशांवर जाते, उन्हातला पत्रा त्याहून तापतो. म्हणजे पलिता जवळ नेण्याआधीच तेलावर वाफ तयार असू शकते आणि ती भपकन पेट घेऊ शकते. तेच डिझेल डिसेंबरच्या सकाळी १४-१५ अंशांना मिनिटभर पलिता धरला तरी दाद देत नाही.

तेव्हा हिवाळ्यात, सकाळी वारा पडलेला असताना करा. सगळे प्रयोग एकाच वेळेला, आणि दर वेळी हवेचं, पाण्याचं, तेलाचं तापमान वहीत. डिसेंबरचा आकडा मे महिन्याच्या आकड्याशेजारी ठेवून निष्कर्ष काढला तर परीक्षक पहिल्या प्रश्नातच पकडतील, आणि बरोबरच पकडतील.

पहिला प्रयोग: जाडी

टाकीत १२ सेंटिमीटर पाणी भरा, चौकट ठेवा. मोजलेलं डिझेल चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा, पाण्यात घुसळलं जाता कामा नये. जाड्या घ्या १, २, ३, ५ आणि १० मिलिमीटर, म्हणजे ४०, ८०, १२०, २०० आणि ४०० मिलिलिटर. १० च्या वर जाऊ नका. प्रत्येक जाडी तीनदा. ओतण्याआधी मोजपात्रासकट वजन, ओतल्यावर पुन्हा वजन. काचेला चिकटलेलं तेल हिशेबात धरलं नाही तर पातळ थरांचे आकडे बिघडतात.

पेटवताना वाऱ्याच्या दिशेनं उभं राहा, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर. पलिता एका कोपऱ्यात तेलाच्या अगदी जवळ धरून ठेवा, फिरवू नका. जागा बदलत राहिलं की कुठलाच भाग पुरेसा तापत नाही. १ मिलिमीटरला बहुधा पलित्याभोवतीच निळसर-पिवळी भुरभुर होईल आणि पलिता काढला की विझेल. "सर, पेटतच नाही की हे," असं कुणी तरी म्हणेलच. ते अपयश नव्हे, तो तुमचा पहिला आकडा आहे. लिहून ठेवा. पेटलेल्या चौकटीत वरून तेल ओतायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

जाड थर पेटला की सुरुवातीची मिनिटं आग एकसारखी चालते. शेवटाकडे कान द्या. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू होतो, ज्वाळा एकदम उंच होते, बारीक जळते थेंब चौकटीबाहेर उडतात. थर पातळ झाल्यानं त्याच्याखालचं पाणी उकळायला लागलेलं असतं आणि वाफ तेलाला फोडून वर येत असते. तडतड सुरू झाल्याची वेळ आणि आग विझल्याची वेळ, दोन्ही टिपा. ३ मीटर अंतराचा नियम ह्याच क्षणासाठी आहे. आग गेल्यावर झाकण घाला आणि पंधरा मिनिटं कुणी जवळ जाऊ नका.

उरलेलं तेल मोजणं

सगळ्या प्रयोगाचा जीव इथे आहे आणि सगळ्यात ढिलाईही इथेच होते. डोळ्यांनी 'बरंच जळलं' म्हणण्याला काही किंमत नाही.

उरलेलं तेल टिपायला मेडिकलमधला कापूस चालत नाही. तो धुऊन-ब्लीच करून मेण काढलेला असतो, म्हणून तेलाबरोबर पाणीही पितो. जिनिंगमधून सरकी काढून आलेला कच्चा कापूस आणा. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, तो पाण्याला दूर ठेवतो आणि तेल ओढतो. जालना, परभणी, बीड, कुठंही मूठभर कापूस मिळायला अडचण नाही. विकतच्या महागड्या शोषक पॅडचं काम तो बऱ्यापैकी करतो.

कोरड्या कापसाचं वजन घ्या, चिमट्यानं चौकटीतल्या तेलावर फिरवा, कोपरे पुसून घ्या. मग तो उभ्या मोजपात्रात पिळा. पाणी खाली बसेल, तेल वर. दोन्ही वाचता येतं. पिळलेल्या कापसात राहिलेलं तेल पुन्हा वजनातून काढा. थोडं पाणी कापूस धरतोच, म्हणून एकदा नुसत्या पाण्यावर तेवढाच कापूस तसाच फिरवून त्याचं वजन किती वाढलं ते बघा आणि दर वेळी वजा करा. आणखी एक चौकट तेल घालून, न पेटवता, तेवढाच वेळ ठेवा. नुसतं उडून किती गेलं ते त्यावरून कळेल.

आता आकडे मांडा. साधारण १ मिलिमीटर शिल्लक राहते असं धरलं तर २ मिलिमीटरच्या थराचं निम्मंच जळतं, ५ चं ८० टक्के आणि १० चं ९० टक्के. शिल्लक जवळपास तेवढीच, टक्केवारी मात्र जाडीवर चढत जाते. तुमच्या चौकटीत शिल्लक १ च्या थोडी वर-खाली येईल, कडेचा पत्रा उष्णता ओढतो. तो आकडा तुमचाच लिहा, पुस्तकातला नको. पण आलेखाचा आकार हाच यायला हवा. नाही आला तर वजनं तपासा.

दुसरा प्रयोग: उष्णता परत आणणं

सुधारणा म्हणतात ती इथून सुरू होते. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये अली रंगवाला यांच्या गटानं साधी वाटणारी कल्पना काढली: तांब्याच्या लोकरीसारख्या जाळीचा थर तेलात, आणि त्यातून वर ज्वाळेत जाणारी धातूची वेटोळी. ज्वाळेत वाया जाणारी उष्णता धातू पकडतो आणि खाली तेलात सोडतो. तेल जोरात उकळतं, वाफ वाढते, आग तापट होते, आणि काजळी व शिल्लक दोन्ही घटतात. २०१७ च्या मार्चमध्ये अलाबामातल्या मोबाइल इथं तटरक्षक दलाच्या तळावर त्याची मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली.

आपल्याकडे हे असं करा. ८ मिलिमीटर जाडीच्या भरीव तांब्याच्या चार सळ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटर. इलेक्ट्रिकलच्या दुकानात अर्थिंगसाठी मिळतात. दोन्ही टोकं बंद असलेली नळी वापरू नका, तापून फुटू शकते. मोटर रिवाइंडिंगची तारही नको, तिच्यावर इनॅमल असतं. चारही सळ्या खाली तांब्याच्या जाळीला बांधा. जाळीसाठी भांड्यांची तांब्याची घासणी उसवून चालते, पण आधी चुंबक लावा. चिकटली तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा.

उंची नीट समजून घ्या, सगळी गंमत त्यात आहे. चौकटीचा तळ उघडा असल्यानं ५ मिलिमीटरच्या डिझेल थरातला जेमतेम १ मिलिमीटर बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या वर असतो, उरलेला ४ खाली. तेल जळत जातं तसं खालचं पाणी वर सरकतं. जाळी खोल टांगली तर अर्ध्या रस्त्यातच ती पाण्यात जाते आणि ज्वाळेची उष्णता तेलाऐवजी पाण्याला पाजत बसते. म्हणून जाळी बाहेरच्या पाण्याच्या पातळीला बरोबर धरा, कडेला तारेनं टांगून. मग ती शेवटपर्यंत तेलात राहते.

तीन मांडण्या करा: काही न घालता, तांब्याच्या सळ्या, आणि त्याच मापाच्या लोखंडी सळ्या व जाळी. तिसरी टाळू नका. तांबं लोखंडाच्या कितीतरी पट उष्णता वाहून नेतं. फरक आला तर तो वहनाचा आहे की नुसत्या आत ठेवलेल्या वस्तूचा, हे तिच्याशिवाय सांगता येत नाही. जाळीला चिकटलेलं तेलही वजनात धरा. एकूण वेळ, तडतडीची वेळ, शिल्लक, तिन्ही नोंदवा. नंतर सळ्यांची लांबी ८ आणि २५ सेंटिमीटर करून बघा. फार लांब सळी ज्वाळेच्या विरळ भागात डोकं काढते आणि उष्णता हवेत सोडते, असा माझा कयास आहे. तुमचे आकडे काय म्हणतात ते बघा.

धुरासाठी पांढऱ्या भिंतीसमोर ठरावीक अंतरावरून, ठरावीक सेकंदाला फोटो घ्या. ढोबळ आहे, पण तुलना होते. मोठ्या आगीत जळालेल्या तेलाच्या वजनाचा ५ ते १५ टक्के भाग काजळी होऊन वर जातो. २० सेंटिमीटरच्या आगीला हवा मधोमध पोचते, म्हणून तुमचा धूर त्या मानानं कमीच दिसणार.

मेरीलँड विद्यापीठात २०१६ मध्ये पाण्यावरच्या इंधनाची आग भोवऱ्यासारखी फिरवून जवळजवळ बिनकाजळीची निळी ज्वाळा मिळवली गेली, ते व्हिडिओ बघून मुलांना भोवरा करावासा वाटतो. कॉलेजच्या टाकीत तो करू नका. फिरती ज्वाळा कधी उंच होईल याचा भरवसा नसतो.

अहवालात काय कबूल करायचं

डिझेल हे कच्चं तेल नाही. ते पाण्याशी टिकाऊ मिश्रण करत नाही, त्यामुळे अलास्कात वादळानं जे केलं ते तुमच्या टाकीत दिसणार नाही. त्याची शिल्लकही पातळ असते. कच्च्या तेलाची शिल्लक डांबरासारखी होते आणि गार झाल्यावर कधी कधी बुडते. १९९१ मध्ये जिनोआजवळ 'हेवन' हे जहाज जळालं तेव्हा ती समुद्रतळावर जाऊन बसली. म्हणून ती कोमट आहे तोवरच उचलावी लागते. लाटा आणि मोठा वारा तुमच्याकडे नाहीत. समुद्रावर वारा २० नॉटच्या, म्हणजे ताशी ३६-३७ किलोमीटरच्या वर गेला की पेटवणंच अवघड होतं. तवंगाच्या कडेनं फवारून त्याला आत आकसवणारी रसायनं आहेत, ती बांधाशिवाय ३ ते ५ मिलिमीटर जाडी देऊ शकतात, पण पाणी शांत असेल तरच. तो वेगळा प्रोजेक्ट होईल.

आपल्या किनाऱ्याचा संदर्भ द्यायचा तर जपून द्या. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं धडकली तेव्हा सांडलं ते जहाजाचं जड इंधन, बंदराच्या तोंडाशी, ऐन पावसाळ्यात, खारफुटीच्या शेजारी. जाळण्याची एकही अट तिथे बसत नव्हती. उलट मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात आहे, तिथलं कच्चं तेल हलकं आहे. ऑक्टोबर ते मे दरम्यान तिथं गळती झाली तर ह्या पद्धतीचा विचार होऊ शकतो. गळतीच्या वेळी काय करायचं याचा समन्वय १९९६ च्या राष्ट्रीय आपत्कालीन योजनेनुसार भारतीय तटरक्षक दलाकडे असतो.

प्रयोग संपल्यावर तेलकट कापूस झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा, कचऱ्यात टाकू नका. टाकीतलं पाणी एक दिवस स्थिर ठेवून वरचा तवंग पुन्हा कच्च्या कापसानं टिपा. खालचं पाणी गटारीत किंवा झाडांना नको. कॉलेजच्या प्रयोगशाळेचा घातक कचरा जो अधिकृत ठेकेदार उचलतो, त्याच्याकडेच कापूस आणि पाणी दोन्ही द्या, आणि पावती अहवालाला जोडा.